हट्ट आणि पटवणं : चौथीच्या वर्गातल्या बारा तासिका

पार्श्वभूमी

पश्चिम महाराष्ट्रातल्या एका गावातली जिल्हा परिषदेची प्राथमिक शाळा. पहिली ते पाचवी, चार शिक्षक, पट 112. चौथीत 28 मुलं, त्यांत 15 मुली. गाव, शाळा आणि माणसं ओळखू येतील असे तपशील इथे गाळले आहेत.

या शाळेत बोलण्याला चांगलं स्थान होतं. परिपाठात रोज एक मूल बोधकथा सांगायचं. 3 जानेवारीला सावित्रीबाईंच्या जयंतीला आणि प्रजासत्ताक दिनाला भाषणं व्हायची. केंद्रस्तरीय वक्तृत्व स्पर्धेत चौथीतल्या एका मुलीला बक्षीसही मिळालं होतं. त्या 3 जानेवारीला तिचं ‘मुलींचे शिक्षण’ हे भाषण झालं, टाळ्या वाजल्या आणि पाहुण्यांनी कौतुकानं विचारलं, “बाळ, तुझ्या मैत्रिणीचे वडील म्हणाले, सातवीनंतर बास, तर तू त्यांना काय सांगशील?” मुलगी क्षणभर थांबली आणि तिनं पुन्हा सुरुवात केली, “अध्यक्ष महाशय, पूज्य गुरुजनवर्ग आणि माझ्या बालमित्रांनो…”

यात त्या मुलीची काही चूक नाही. भाषण म्हणजे पाठ केलेली गोष्ट न अडखळता म्हणणं, एवढंच तिला शिकवलं गेलं होतं. समोर कोणी माणूस आहे, त्याचं काही वेगळं म्हणणं असू शकतं, आपल्या बोलण्यानं ते बदलू शकतं, हे कधी सांगितलंच नव्हतं.

अडचण नेमकी कुठे होती

वर्गशिक्षिकेनं दुसऱ्याच दिवशी एक साधं लेखन दिलं : ‘शाळेत खेळाचा तास वाढवावा का? तुमचं मत लिहा.’ 28 वह्यांपैकी 22 मध्ये एकच कारण तीन-चार वाक्यांत फिरवून लिहिलेलं होतं. 17 वह्यांचा शेवट ‘ही नम्र विनंती’ असा होता. ‘आरोग्य हीच संपत्ती’ हे बहुतेकांनी लिहिलं. पण खेळाचा तास कोण ठरवतं, तो वाढवला तर कोणता विषय कमी होईल, याबद्दल एकाही वहीत शब्द नव्हता.

हीच मुलं मैदानावर मात्र पक्की वकील होती. बाद की नाबाद यावर दहा मिनिटं भांडायची, साक्षीदार आणायची, रेघ दाखवायची. म्हणजे क्षमता होती, ती वहीपर्यंत पोचत नव्हती. आणि घरी याच क्षमतेचं एकच रूप दिसायचं, हट्टाचं : रडणं, अबोला, नाहीतर ‘सगळ्यांकडे आहे’.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय वादविवादाचा होता. ‘मोबाइल शाप की वरदान’ अशा विषयावर दोन गट करायचे. तयारी सोपी, पण धोका उघड होता : भाषणं पुन्हा घरून लिहून आली असती, आठ मुलं बोलली असती आणि वीस मुलं बसून राहिली असती.

दुसरा, जाहिराती तयार करून घेणं. मुलांना याची फार हौस असते. पण इथे पटवण्यापेक्षा भुरळ घालणं आधी शिकलं जातं.

तिसरा, खरी मागणी खऱ्या माणसांपुढे मांडणं. यात नकार मिळू शकतो आणि शाळेचीही परीक्षा होते. शाळा व्यवस्थापन समिती ही त्यासाठी योग्य जागा होती. शिक्षण हक्क कायदा 2009 नुसार तिच्यात तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या सदस्य महिला असतात. म्हणजे मुलांना ओळखीच्याच माणसांसमोर बोलायचं होतं.

शेवटी आठवड्याला दोन, अशा सहा आठवड्यांच्या बारा तासिका ठरल्या, प्रत्येकी 35 मिनिटांच्या. सुरुवात बाजारापासून, मग खेळ, मग जाहिरात आणि अखेर समितीपुढे मागणी. हा क्रम एका ठिकाणी चुकला, ते पुढे येईलच.

बाजारातल्या आरोळ्या

गावात मंगळवारी आठवडी बाजार भरतो. पहिल्या तासिकेत मुलांना एवढंच सांगितलं : बाजारात जा, विकणारा काय म्हणतो ते त्याच्याच शब्दांत चिठ्ठीवर लिहून आणा. जी आठ मुलं बाजारात जात नाहीत त्यांनी टेम्पोतून भोंगा लावून फिरणाऱ्या भाजीवाल्याचं ऐकायचं. एकूण 41 चिठ्ठ्या आल्या.

वर्गात खडूनं जमिनीवर सहा चौकोन आखले आणि प्रत्येकात एक शब्द लिहिला. कारण : ‘पातळ सालीचा कांदा आहे, टिकत नाही, म्हणून स्वस्त लावलाय.’ दाखव : कलिंगडाला चाकूनं त्रिकोणी काप देऊन लाल गर समोर धरणं. मन : ‘लेकरांना खाऊ घाला, ताई.’ भरवसा : ‘दर मंगळवारी इथंच बसतो, गोड नाही निघालं तर परत आणा.’ सगळेच : ‘बघा, सगळे हेच नेतायत.’ घाई : ‘शेवटचे चार राहिलेत.’

ॲरिस्टॉटलनं बोलणाऱ्यावरचा विश्वास, ऐकणाऱ्याची भावना आणि तर्क असे पटवण्याचे तीन मार्ग सांगितले. चौथीच्या मुलांना हे नाव सांगायची गरज नाही. कलिंगडाची फाक डोळ्यांसमोर असली की पुरावा म्हणजे काय हे एका वाक्यात कळतं.

प्रत्येक चिठ्ठी कोणत्या चौकोनात ठेवायची हे चौघांच्या गटानं ठरवायचं होतं. ‘शेवटचे चार’ या चिठ्ठीवर मात्र वर्ग अडला. एक मुलगा म्हणाला, “माझी आई वर चारच मांडते, बाकीचे पिशवीत ठेवते.” काही मुलं हसली. शिक्षिकेपुढे हा पहिला अवघड क्षण होता. ‘म्हणजे हे खोटं’ असं फळ्यावर लिहिलं असतं तर त्या मुलाची आई वर्गासमोर खोटी ठरली असती, आणि त्या मुलानं पुढे तोंड उघडलं नसतं. शिक्षिकेनं प्रश्न फिरवला : “वर चारच का मांडत असतील?” उत्तरं भराभर आली : उन्हात सुकतात, जागा नसते, गिऱ्हाईक लवकर घेतं. मग दुसरा प्रश्न : “खरंच चार उरले असतील तर सांगणं बरोबर का?” हो. “आणि पिशवीत वीस असतील तर?” वर्ग शांत झाला. चिठ्ठी ‘घाई’च्या चौकोनात गेली आणि तिच्याशेजारी खडूनं प्रश्नचिन्ह काढलं गेलं.

दोरीवरचं मत

आठ मीटरची नायलॉनची दोरी वर्गात आडवी टाकायची. एक टोक ‘अगदी हो’, दुसरं ‘अजिबात नाही’. प्रश्न वाचायचा आणि मुलांनी आपल्या मताप्रमाणे दोरीवर उभं राहायचं. पहिला प्रश्न होता, ‘चपला वर्गाबाहेर काढाव्यात का?’

पहिल्या फेरीत 28 पैकी 21 मुलं वर्गाच्या मॉनिटरच्या मागे जाऊन उभी राहिली. हा खेळ घेणाऱ्या बहुतेकांना इथेच ठेच लागते, कारण उभं राहणं सगळ्यांना दिसतं आणि मैत्री मतापेक्षा जड पडते. त्यावर तीन बदल केले.

आधी चिठ्ठीवर 1 ते 5 पैकी आकडा लिहायचा, चिठ्ठी घडी करून हातात धरायची आणि आकड्याप्रमाणेच उभं राहायचं. मग दोन्ही टोकांकडच्या एकेका मुलानं एक मिनिट बोलायचं. त्यानंतर कोणीही जागा बदलू शकतं, पण बदलताना ‘अमुकच्या अमुक वाक्यामुळे’ असं सांगायलाच हवं.

आणि टाळी बोलणाऱ्यासाठी वाजवायची नाही. जागा बदलणाऱ्यासाठी वाजवायची.

या शेवटच्या नियमानं सगळ्यात जास्त काम केलं. मत बदलणं म्हणजे हरणं, ही समजूत नऊ-दहा वर्षांच्या मुलांत घट्ट असते. ती मोडल्याशिवाय समोरच्याचं म्हणणं कोणी ऐकत नाही, सगळे आपल्या पाळीची वाट बघतात. दुसऱ्या फेरीत एक मुलगी ‘हो’कडून मध्यावर आली आणि म्हणाली, “ती म्हणाली पावसात चप्पल बाहेर भिजते, तेव्हा मला माझी आठवली.”

तीन ‘पण’

चौथ्या आणि पाचव्या तासिकेत जोड्यांचा खेळ घेतला. एकानं मागणी करायची, दुसऱ्यानं ऐकणाऱ्याची भूमिका घ्यायची. भूमिकेची चिठ्ठी उचलायची : आजी, मुख्याध्यापक, दुकानदार, मोठा भाऊ. ऐकणाऱ्यानं बरोबर तीन वेळा ‘पण…’ म्हणून अडचण सांगायची. मागणाऱ्यानं प्रत्येक ‘पण’ला उत्तर द्यायचं; तेच कारण दुसऱ्यांदा आलं तर ते धरायचं नाही.

एकच मागणी, ‘मला सायकल शिकायची आहे’, आजीला सांगताना आणि मोठ्या भावाला सांगताना कशी बदलते हे मुलांनी आपणच शोधलं. आजीचा ‘पण’ पडण्याचा होता, भावाचा वेळेचा. फळ्यावर दोनच रकाने होते : ‘मला का हवंय’ आणि ‘त्यांना काय अडतंय’. पहिला रकाना सगळ्यांचा लगेच भरला. दुसऱ्यावर पेन्सिली थांबल्या. हट्टात दुसरा रकाना कोरा असतो, हे शिक्षिकेनं तिथेच दाखवून दिलं.

जाहिरात आणि चुकलेला क्रम

सहाव्या तासिकेत सात गटांनी कल्पित वस्तूंच्या जाहिराती सादर केल्या. एका गटानं केसांचं तेल आणलं : ‘आठ दिवसांत गुडघ्यापर्यंत केस! मोठे डॉक्टर सांगतात!’ एका मुलीनं ओढणीची लांब वेणी लावली होती. मतदान झालं आणि 28 पैकी 19 मतं या तेलाला गेली. सर्वांत कमी मतं मिळालेल्या गटानं मडक्याची जाहिरात केली होती : ‘वीज लागत नाही, पाणी गार राहतं, खाली पडलं तर फुटतं, जपून ठेवा.’

आदल्या पाच तासिकांत उभं केलेलं या एका मतदानानं हलवलं. मुलांच्या दृष्टीनं निकाल स्पष्ट होता : जो जास्त फुगवतो तो जिंकतो.

इथे दोन मार्ग होते. तेलाच्या गटाला खोटेपणाबद्दल बोलायचं, किंवा मतदानच नीट करायचं. गटानं दिलेलं काम उत्तम केलं होतं. चूक ‘कोणती जाहिरात आवडली?’ या एकट्या प्रश्नात होती. म्हणून सातव्या तासिकेत मतदान पुन्हा घेतलं. प्रत्येक मुलाला एक चिंचोका आणि एक खडा दिला. ऐकायला आवडली त्या जाहिरातीच्या झाकणबंद डब्यात चिंचोका टाकायचा, आणि स्वतःच्या खाऊचे पैसे ज्या वस्तूला देऊ तिच्या डब्यात खडा. तेलाच्या डब्यात 18 चिंचोके आणि तीन खडे निघाले. मडक्याच्या डब्यात दोन चिंचोके आणि 14 खडे. मुलांनी डबे स्वतः मोजले, दोनदा मोजले. आवडणं आणि पटणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्यांना आपल्याच हातानं दिसलं.

मग लाल पुठ्ठ्याची ‘कशावरून?’ अशी कार्डं आली. कोणाच्याही विधानावर कार्ड वर करून पुरावा मागता येईल. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींवर कायद्यानं बंधन आहे आणि 2022 च्या केंद्र सरकारच्या मार्गदर्शक सूचनांत मुलांसाठीच्या जाहिरातींचा वेगळा विचार केलेला आहे, हेही मुलांना सांगितलं. ‘मोठे लोकसुद्धा कशावरून विचारतात’ हे कळल्यावर कार्डाला वजन आलं.

कार्डाचाही त्रास झालाच. पहिल्या दिवशी दोन मुलांनी हळू बोलणाऱ्या एका मुलीवर लागोपाठ सहा कार्डं उचलली आणि ती रडवेली झाली. दुसऱ्या दिवसापासून प्रत्येकाला एका तासिकेत दोनच कार्डं मिळाली, नेमकं कोणतं वाक्य ते सांगणं भाग झालं आणि ‘मला माहीत नाही, बघून सांगते’ हे पूर्ण उत्तर मानलं गेलं. हे तिसरं आधीच ठरायला हवं होतं. ती मुभा नसेल तर घाबरलेलं मूल पुरावा बनवून सांगतं.

घरून आलेली तक्रार

आठव्या तासिकेच्या सुमारास एका पालकांनी शाळेत येऊन सांगितलं, “बाई, पोरगं घरी उलट बोलायला लागलंय. काही सांगितलं की कशावरून म्हणतंय.” आणखी दोन घरांतून असंच कानावर आलं.

उपक्रम थांबवायचा का, यावर शिक्षकांत खरी चर्चा झाली. तक्रार रास्त होती. वर्गातला नियम वर्गाबाहेर तसाच चालत नाही, हे मुलांना कोणी सांगितलं नव्हतं. उपक्रम चालू ठेवला, पण घरासाठी वेगळा अभ्यास दिला : घरच्या एका मोठ्या माणसाला एक छोटी गोष्ट पटवायची; त्याआधी त्यांची अडचण त्यांनाच विचारून वहीत लिहायची; दोनदा ‘नाही’ आलं की थांबायचं आणि ‘बरं’ म्हणायचं. ‘कशावरून?’ घरी म्हणायचं नाही, ‘असं का, मला सांगाल का?’ असं विचारायचं. तक्रार करणाऱ्या पालकांच्या मुलानं लिहून आणलं : ‘बाबांना रात्री सातला जेवायला बसवायचं होतं. ते म्हणाले, गाईंची धार साडेसातला संपते. मी आठ म्हणालो. ते हो म्हणाले.’

पुस्तकांचं कपाट

खरी मागणी मुलांनीच निवडली. कार्यालयातल्या कपाटात गोष्टींची सुमारे 140 पुस्तकं होती आणि ती कुलुपात असायची. मुलांना ती घरी हवी होती. पहिला मसुदा असा : ‘ग्रंथ हेच गुरू. वाचाल तर वाचाल. म्हणून कपाट उघडावे ही नम्र विनंती.’

नवव्या तासिकेत मुलं मुख्याध्यापकांना भेटायला गेली, मागायला नव्हे, विचारायला : तुम्हाला काय अडतं? सरांनी नोंदवही काढून दाखवली. प्रत्येक पुस्तकाला क्रमांक, किंमत, पुस्तक आल्याची तारीख. “तपासणीला यातलं एक कमी निघालं तर जबाब मला द्यावा लागतो.” मुलांना हे नवीन होतं. कुलूप म्हणजे सरांचा स्वभाव, असं त्यांनी धरलं होतं.

दुसरा मसुदा पुढच्या दोन तासिकांत तयार झाला. 140 ऐवजी 20 पुस्तकं, चार आठवडे. शुक्रवारी द्यायची, सोमवारी परिपाठाआधी परत. वहीत पाच रकाने : क्रमांक, नाव, दिल्याची तारीख, पानांची स्थिती, परतीची सही. दोन मुली आणि एक मुलगा जबाबदार. उसवलेली पानं मुलं स्वतः चिकटवणार. सहा चौकोनांपैकी ‘सगळेच’ आणि ‘घाई’ वापरायचे नाहीत, असं वर्गानं एकमतानं ठरवलं.

समितीच्या बैठकीत तिघांना चार मिनिटं मिळाली. मांडणी बरी झाली. मग एका सदस्य आईनं विचारलं, “आमच्याकडे दोन वर्षांचं बाळ आहे. त्यानं फाडलं तर?” याची तयारी नव्हती. बोलणारी मुलगी तीच, जानेवारीत भाषण केलेली. तिनं दोघांकडे पाहिलं आणि म्हणाली, “हे आम्ही धरलं नव्हतं. शनिवारी सांगू का?” शनिवारी मुलांनी उत्तर आणलं : प्रत्येक पुस्तकासोबत जुन्या कापडाची, उंच खुंटीला अडकवायची पिशवी. तिच्यात नसलेलं पुस्तक वाचणाऱ्याच्या हातातच असायला हवं. समितीनं चार आठवड्यांना मान्यता दिली.

निष्पत्ती

चार आठवड्यांत 80 पैकी 71 वेळा पुस्तकं गेली. पाच उशिरा आली, एकाची पानं सुटली, एक सापडलंच नाही. हरवलेल्या पुस्तकाची नोंद मुलांनीच सरांना आणून दाखवली.

मार्चअखेर खेळाच्या तासाचा तोच प्रश्न पुन्हा लिहायला दिला. 26 मुलं हजर होती. 19 जणांनी दोन वेगळी कारणं दिली, 11 जणांनी समोरच्याची अडचण लिहून तिला उत्तर दिलं. सहा वह्या जानेवारीसारख्याच होत्या. बोलण्यात आलेला बदल लिहिण्यात उतरायला या बारा तासिका पुरल्या नाहीत. तीन मुलं सगळ्या खेळांत जवळपास गप्पच राहिली. त्यातल्या दोघी स्थलांतरित कुटुंबांतल्या होत्या आणि त्यांची घरची भाषा वेगळी होती.

पुन्हा करायचं झालं तर

ऐकणाऱ्याची मुलाखत नवव्या तासिकेला झाली, ती दुसऱ्यालाच व्हायला हवी. नोंदवही आधी पाहिली असती तर पहिला मसुदा घोषवाक्यांत गेला नसता. ‘कशावरून?’ची कार्डं आणि चिंचोका-खडा मतदान जाहिरातींच्या आधी हवं, म्हणजे फुगवण्याला बक्षीस मिळण्याची वेळ येत नाही. पालकांशी बोलणं पहिल्याच आठवड्यात करावं. पंधरा मिनिटं पुरतात, आणि तिथे एकदा दोरीचा खेळ पालकांकडूनच खेळून घ्यावा.

गप्प राहणाऱ्या मुलांसाठी बोलण्याखेरीज मार्ग ठेवायला हवा होता : चित्र, वस्तू करून दाखवणं, घरच्या भाषेत जोडीदाराला सांगणं. खुंटीच्या पिशवीचा पहिला नमुना त्या दोघींपैकी एकीनं शिवला होता, पण ती समितीपुढे गेली नाही. ‘दाखव’ या चौकोनाचं ते वर्गातलं सर्वांत चांगलं उदाहरण होतं आणि ते कोणाच्या लक्षात आलं नाही.

गुण द्यायचे नाहीत, हा निर्णय मात्र तसाच ठेवावा. गुण आले की पाठांतर परत येतं.

एप्रिलच्या शेवटी मुलांनी उन्हाळ्याच्या सुट्टीसाठी पुस्तकं मागितली. समितीनं नकार दिला : एक पुस्तक आधीच हरवलंय आणि सुट्टीत परत घ्यायला शाळेत कोणी नसतं. मुलांनी वहीत दुसऱ्या रकान्यात ही दोन्ही वाक्यं उतरवून घेतली. पहिल्या वाक्यासमोर काही लिहिलेलं नाही. दुसऱ्यासमोर पेन्सिलीनं एवढंच आहे : ‘अंगणवाडीच्या ताई मे महिन्यात असतात का, विचारायचं.’